पाकीट फोडण्याआधी: डिजिटल पत्त्यांच्या खेळात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भाच्याने फोन माझ्यासमोर धरला. “मामा, इथे फुकट असं लिहिलंय. खरंच फुकट आहे का हा खेळ?” फोनवर हार्थस्टोन डाऊनलोड होत होता. मी आधी “हो” म्हणालो, मग “नाही” म्हणालो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. एक पैसाही न घालता वर्षानुवर्षं खेळणारे लोक मला माहीत आहेत, आणि एका रात्रीत महिन्याचा किराणा उडवणारेही माहीत आहेत. दोघांच्या नशिबात फारसा फरक नसतो. पहिल्या दोन महिन्यांत नाणी, पानं आणि पाकिटं यांचा हिशोब कोणाला उमगला, एवढाच तो फरक. मला तो उशिरा उमगला. पहिल्या वर्षी माझे ११,४०० रुपये गेले, त्यातले बहुतेक पहिल्या दहा आठवड्यांत, आणि त्यातून आलेली निम्मी पानं मी एकदाही खेळलो नाही.

तरी भाच्याला मी “खेळू नकोस” म्हटलं नाही, कारण खेळ खरोखर सुंदर आहे. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, तेच इथे नीट लावून लिहितो आहे.

खेळ आहे तरी काय

मेंढीकोट, बदाम सात, रमी, पाच-तीन-दोन. आपण लहानपणापासून खेळतो ते सगळे डाव नेहमीच्या ५२ पानांच्या कॅटमधल्या पानांवर चालतात. कॅट सगळ्यांचा मिळून एक असतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितात डॉक्टरेट केलेल्या अमेरिकी माणसाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आणला आणि नेमकी हीच गोष्ट बदलली. त्याच्या खेळात प्रत्येकाने आपापला कॅट घरून बांधून आणायचा. पानं शेकडो प्रकारची, प्रत्येकावर वेगळा मजकूर, वेगळी ताकद. ती बंद पाकिटांतून विकली जायची आणि आत काय आहे ते फोडल्यावरच कळायचं. चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवलेल्या पिढीला ती धडधड समजावून सांगायला नको.

११ मार्च २०१४ रोजी ब्लिझार्ड कंपनीने हार्थस्टोन आणला आणि हीच कल्पना काँप्युटरवर व नंतर फोनवर घरोघरी पोचली. या लेखात मी मुख्यतः त्याचंच उदाहरण घेणार आहे, कारण त्याचा हिशोब मला तोंडपाठ आहे आणि तो समजला की बाकीचे खेळ समजायला वेळ लागत नाही.

नियम थोडक्यात असे. दोन खेळाडू, दोघांचेही प्राण ३०. प्रत्येकाचा डेक (आपला कॅट) ३० पानांचा; एक पान जास्तीत जास्त दोनदा घेता येतं, आणि सर्वांत दुर्मीळ दर्जाचं, म्हणजे लेजंडरी, एकदाच. पान खेळायला ‘माना’ लागतो. पहिल्या उतारीला एक, दुसरीला दोन, असा तो दहापर्यंत वाढतो. स्वस्त पानं लवकर पडतात, महाग पानं उशिरा. काही पानं मैदानात लढवय्ये उतरवतात, त्यांना मिनियन म्हणतात. काही मंत्र असतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणले की डाव तुमचा. साधारण दहा मिनिटांत एक डाव संपतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण घरातल्या मोठ्यांना ‘पत्ते’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की रमीची ॲप आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो त्या प्रकाराबद्दल. हार्थस्टोनमध्ये डावावर पैसे लागत नाहीत आणि जिंकून काढताही येत नाहीत. इथला धोका वेगळ्या जागी आहे: पाकिटात.

ओढ कशाची असते

पहिली ओढ डेक बांधण्याची. ही तीस पानं मी निवडली, या दोन पानांची जोडी मला सुचली, आणि ती समोरच्या माणसाविरुद्ध चालली. स्वतः बांधलेला पतंग पहिल्यांदा आभाळात स्थिर होतो, तसं वाटतं ते.

दुसरी ओढ अंदाजाची. समजा समोर ‘मेज’, म्हणजे जादूगार, या वर्गाचा खेळाडू आहे (प्रत्येक वर्गाची काही पानं फक्त त्याचीच असतात) आणि पुढच्या उतारीला त्याच्याकडे सात माना असणार आहे. मेजकडे फ्लेमस्ट्राइक नावाचं सात मानाचं जुनं पान आहे, जे समोरचे सगळे मिनियन एकदम भाजून काढतं. तुमच्या हातात आणखी दोन मिनियन आहेत. ते आत्ताच उतरवले तर पुढच्या वेळी डाव संपवता येईल. फ्लेमस्ट्राइक पडला तर सगळं साफ. मग एकच उतरवायचा? त्याच्या हातात तीनच पानं आहेत आणि त्यातलं एक तो तिसऱ्या उतारीपासून धरून बसला आहे. ते काय असेल? मेंढीकोटात कोणाचा हुकूम कधी संपला हे मोजणाऱ्या माणसाला हा विचार लगेच जमतो. माझी मावशी अशीच मोजते, आणि फोनवर हा खेळ शिकायला तिला दोन दुपारी पुरल्या.

तिसरं कारण साधं आहे. बोटांची चपळाई लागत नाही. गोळीबाराच्या खेळात नेट अर्धा सेकंद अडखळलं की तुम्ही मेलात. इथे उतारीला सव्वा मिनिट मिळतं आणि नेट तुटून परत आलं तर बहुतेक वेळा डाव चालूच असतो. गावाकडच्या नेटवर मी असंख्य डाव पूर्ण केले आहेत.

हा खेळ आपल्याकडे कोणी गंभीरपणे खेळतं का, असं भाच्याने विचारलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, आणि तिथे हार्थस्टोनमध्ये भुजच्या तीर्थ मेहताने भारताला कांस्य मिळवून दिलं. मला ती बातमी वाचून झालेला आनंद अजून आठवतो.

चौथी ओढ पाकीट फोडण्याची. हीच पैसे मागते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर पुढे.

पायरी १: खेळ निवडताना हिशोबाची पद्धत बघा

नवखा माणूस चित्रं बघून खेळ निवडतो. चित्रं बघाच, पण त्याबरोबर एक प्रश्न विचारा: मला हवं ते एक विशिष्ट पान इथे कसं मिळतं? प्रत्येक खेळाचं उत्तर वेगळं आहे, आणि तुमचा खर्च त्यावरच ठरतो.

हार्थस्टोनमध्ये नको असलेली पानं मोडून ‘डस्ट’ मिळते आणि डस्ट देऊन हवं ते पान क्राफ्ट करता येतं. मॅजिकच्या डिजिटल अवतारात, म्हणजे मॅजिक अरीनात, मोडमोड नाही. पाकिटं फोडता फोडता वाइल्डकार्ड मिळतात आणि एक वाइल्डकार्ड देऊन त्याच दर्जाचं कोणतंही पान घेता येतं. तिथला डेक ६० पानांचा आणि एक पान चार वेळा लागतं, म्हणून दुर्मीळ वाइल्डकार्ड पाण्यासारखी संपतात. यू-गी-ओ मास्टर ड्युएल (२०२२) मध्ये त्याच दर्जाची तीन पानं मोडली की एक बनवता येतं, हा हिशोब मला सगळ्यांत सरळ वाटतो. मात्र एकेक उतारी इतकी लांब आणि गुंतागुंतीची असते की नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

मार्व्हल स्नॅप (२०२२) हा हार्थस्टोनचे माजी प्रमुख बेन ब्रोड यांच्या चमूने बनवला. डेक बारा पानांचा, डाव सहा उताऱ्यांचा, लोकलच्या दोन स्टेशनांमध्ये संपणारा. सुरुवातीचे काही महिने तो फार उदार वाटतो, मात्र नंतर एखादं ठरावीक पान हवं असेल तर बरीच वाट बघायला लावतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पोकेमॉन टीसीजी पॉकेटमध्ये दिवसाला दोन पाकिटं फुकट फोडता येतात, डेक वीस पानांचा आहे, आणि तिथे खेळण्यापेक्षा जमवण्यालाच जास्त मान आहे. ज्याला चित्रं साठवायला आवडतात त्याने तिथे जावं. ज्याला डोकं लढवायचं आहे त्याला तो लवकर पुरा होईल.

माझा सल्ला: एकच खेळ निवडा. दोन खेळ म्हणजे दोन रिकामे संग्रह आणि दोन ठिकाणची रोजची हजेरी.

पायरी २: खेळ सुरू करण्याआधी पैशाचा दरवाजा लावून घ्या

ही पायरी लोक वगळतात. मीही वगळली होती. हरल्याच्या चिडीत, रात्री एक वाजता, यूपीआयचा पिन टाकायला चार सेकंद लागतात.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय असतो. प्रत्येक खरेदीला पडताळणी मागितली जाईल असं तिथे ठरवा. त्याच ॲपमध्ये पेमेंटच्या भागात महिन्याचं बजेटही घालता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी थांबवत नाही. त्यावर भिस्त ठेवू नका. आयफोनवर स्क्रीन टाइममधून ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते. मुलांच्या हातात फोन असेल तर ती बंदच ठेवा आणि पासवर्ड मुलांना सांगू नका.

मला उपयोगी पडलेला उपाय याहून साधा आहे. खेळाच्या खात्याला बँक, कार्ड, यूपीआय काहीही जोडायचं नाही. खर्च करायचाच असेल तर ठरलेल्या रकमेचा प्ले रिचार्ज कोड विकत आणायचा. कोड संपला की त्या महिन्याचा खर्च संपला. उठून कोड घेण्याच्या त्या दहा मिनिटांत निम्म्या वेळा इच्छा मावळते.

चुकून किंवा मुलाकडून खरेदी झालीच, तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. जितका उशीर, तितकी ती अवघड.

पायरी ३: पहिला आठवडा फक्त शिका

पहिल्या दिवसापासून खेळ तुम्हाला बक्षिसं देत सुटतो. काही पाकिटं, थोडी डस्ट, थोडं सोनं (खेळातलं नाणं). सगळं घ्या. डस्ट खर्च करू नका आणि एकही पान मोडू नका. नवख्याला कोणतं पान कामाचं आहे हे कळूच शकत नाही. पहिल्या महिन्यात मी एक लेजंडरी ‘बिनकामाचं’ म्हणून मोडलं, ४०० डस्ट मिळाली. तीन महिन्यांनी माझ्या आवडत्या डेकला तेच पान हवं झालं, आणि परत बनवायला १,६०० मोजावी लागली.

‘कोअर’ नावाचा पायाभूत संच २०२१ पासून सगळ्यांना फुकट आहे. नव्या खात्याला काही तयार डेक उसने खेळायला मिळतात आणि त्यातला एक शेवटी कायमचा ठेवता येतो. ही निवड घाईने करू नका. खेळात अकरा वर्ग आहेत. आठवडाभर रोज एक वेगळा वर्ग खेळून बघा. मग ज्या डेकने हरतानाही मजा आली तो ठेवा, कारण पुढचे काही महिने तोच तुमच्या हातात असणार आहे.

पानांवरचा मजकूर मराठीत नाही, पण इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. आठ-दहा शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘टॉन्ट’ असलेला मिनियन पुढे उभा राहतो, आधी त्याला मारावं लागतं. ‘बॅटलक्राय’ पान उतरवताना घडतं, ‘डेथरॅटल’ ते मेल्यावर. ‘रश’वाला आल्या आल्या मिनियनवर धावतो, ‘चार्ज’वाला थेट खेळाडूवरही. ‘डिव्हाइन शील्ड’ पहिला घाव अंगावर घेतं. ‘डिस्कव्हर’ तीन पर्याय दाखवतं, त्यातलं एक निवडायचं. भाच्याने हे एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलावर चिकटवले. चार दिवसांनी त्याला कागद लागेना.

डाव सुरू होताना हातातली नको ती पानं बदलून मिळतात. नवखे लोक इथे ताकदवान, महाग पानं धरून ठेवतात आणि पहिल्या चार उताऱ्या हात चोळत बसतात. एक ते तीन मानाची पानं ठेवा, बाकीची परत करा. एवढ्यानेच तुमचे डाव सुधारतील.

पायरी ४: एक डेक, आणि त्याची डस्टमधली किंमत

आता मुख्य हिशोब. हार्थस्टोनमध्ये पानांचे चार दर्जे आहेत आणि प्रत्येकाचे दोन भाव: बनवण्याचा आणि मोडण्याचा. कॉमन बनवायला ४० डस्ट, मोडली तर ५. रेअर १०० आणि २०. एपिक ४०० आणि १००. लेजंडरी १,६०० आणि ४००. म्हणजे एक कॉमन बनवायला आठ कॉमन मोडावी लागतात, एक लेजंडरी बनवायला चार लेजंडरी. जुन्या भांड्यांवर नवं भांडं घेताना मोडीचा भाव कसा लागतो, तसंच हे. मोडणाऱ्याचा तोटा ठरलेला.

एका पाकिटात पाच पानं असतात आणि त्यात किमान एक रेअर किंवा त्याहून वरचं असतं. सगळ्यांत वाईट पाकीट म्हणजे चार कॉमन आणि एक रेअर. सगळं मोडलं तर हाती ४० डस्ट. अशी चाळीस पाकिटं म्हणजे एक लेजंडरी. पाकिटाची खरी किंमत मला या आकड्याने समजली.

आता दोन डेक बघा. पहिल्यात १८ कॉमन, १० रेअर आणि २ एपिक: सगळं शून्यातून बनवलं तर २,५२० डस्ट. दुसऱ्यात १० कॉमन, १० रेअर, ६ एपिक आणि ४ लेजंडरी: १०,२००. दोन्ही तीस-तीस पानांचेच. पण पहिला डेक चौपट हरतो असं मुळीच नाही. वेगाने हल्ला करणारे स्वस्त डेक प्रत्येक हंगामात असतात आणि नीट खेळले तर क्रमवारीत वरच्या पायऱ्यांपर्यंत नेतात. महाग डेकमध्ये गंमत जास्त असते, चमत्कार जास्त असतात. जिंकण्याची हमी नसते.

म्हणून क्रम असा ठेवा. एचएसरिप्लेसारख्या वेबसाइटवर कोणता डेक सध्या किती जिंकतो आणि त्याला किती डस्ट लागते, दोन्ही आकडे दिसतात. तुमच्या वर्गाचा ३,००० च्या आतला डेक शोधा. त्याचा कोड कॉपी करून खेळात पेस्ट केला की कोणती पानं कमी आहेत ते लगेच दिसतं. जी नाहीत त्यांच्या जागी तेवढ्याच मानाची दुसरी पानं घाला आणि वीस डाव खेळा. आवडला, तरच क्राफ्ट करायला घ्या, आणि आधी कॉमन व रेअर. लेजंडरी शेवटी, तेही ते पान डेकचा कणा असेल तरच.

क्राफ्ट करण्याआधी आणखी एक थांबा. नवा संच आल्यावर पहिले दोन आठवडे सगळे चाचपडत असतात. ज्या डेकची सगळीकडे चर्चा असते तो महिन्याभरात मागे पडलेला असतो. शिवाय फार माजलेलं पान कंपनी कमजोर करते, त्याला खेळाडू ‘नर्फ’ म्हणतात. हार्थस्टोनमध्ये नर्फ झालेलं पान साधारण दोन आठवडे पूर्ण भावाने मोडता येतं, म्हणजे लेजंडरीचे ४०० नव्हे, १,६०० मिळतात. नर्फची बातमी आली की आपल्याकडे ते पान आहे का हे बघायची सवय लावून घ्या. मात्र त्या पानाबरोबर डेकमध्ये घेतलेली बाकीची पानं तुमच्याच गळ्यात राहतात.

पायरी ५: पाकिटं कधी आणि कोणती

सोन्याने एक पाकीट १०० ला मिळतं. लेजंडरी सरासरी वीस पाकिटांमागे एक निघतं. पण सरासरीपेक्षा महत्त्वाच्या दोन हमी आहेत. प्रत्येक संचाच्या पहिल्या दहा पाकिटांत एक लेजंडरी नक्की निघतं. त्यानंतर लागोपाठ चाळीस पाकिटांच्या आत निघतंच. खेळाडू याला ‘पिटी टायमर’ म्हणतात. आणि त्या संचातली सगळी लेजंडरी हाती येईपर्यंत तेच लेजंडरी पुन्हा निघत नाही.

यातून नवख्याला एक सोपी युक्ती मिळते. स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडच्या संचांच्या, प्रकारात चालणाऱ्या प्रत्येक संचाची आधी दहा-दहा पाकिटं सोन्याने घ्या, लेजंडरी निघालं की त्या संचाला हात लावू नका, पुढच्याकडे जा. एकाच संचाची पन्नास पाकिटं फोडण्यापेक्षा यातून विविधता येते आणि लेजंडरीही जास्त मिळतात.

संचांना मुदत असते. वर्षातून तीन मोठे संच येतात, आणि वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास, सगळ्यांत जुन्या वर्षाचे संच स्टँडर्डमधून बाहेर जातात. पानं जात नाहीत, ‘वाइल्ड’ या दुसऱ्या प्रकारात चालतात, पण तुमचा स्टँडर्डचा डेक मोडतो. वसंतात आलेला संच सुमारे दोन वर्षं चालतो, वर्षाअखेरीस आलेला सव्वा वर्ष. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जुन्या संचाची पाकिटं घेऊ नका, त्यातलं पान क्राफ्टही करू नका. सोनं साठवा. खेळ सुरू करायला सगळ्यांत चांगला काळ हा बदल झाल्यानंतरचा, कारण तेव्हा जुन्या खेळाडूंचाही संग्रह आक्रसलेला असतो.

फुकट पाकिटांत न चुकवण्यासारखं एकच: टॅव्हर्न ब्रॉल, हार्थस्टोनमधला दर आठवड्याचा खास डाव. दर बुधवारी नव्याने सुरू होतो आणि पहिल्या विजयाला एक पाकीट देतो. वर्षाची पन्नासेक पाकिटं झाली ही.

पायरी ६: पैसे घालायचेच असतील तर

घालू नका असं मी म्हणणार नाही. शेकडो तास आनंद देणाऱ्या गोष्टीला थोडे पैसे देणं मला योग्य वाटतं. पण ते कशासाठी देतो आहोत हे स्पष्ट असावं.

प्रत्येक मोठ्या संचाआधी प्री-ऑर्डरचे गठ्ठे येतात. बरीच वर्षं त्यांचे भाव साधारण ५० आणि ८० डॉलर राहिले आहेत. वर्षाला तीन संच धरले तर १५० ते २४० डॉलर, म्हणजे डॉलरच्या भावाने तेरा-चौदा हजारांपासून एकवीस-बावीस हजार रुपयांपर्यंत. आणि एवढं देऊनही संच पूर्ण होत नाही. सगळी पानं हवीत, सगळे डेक खेळायचेत, अशी इच्छा धरली की हा आकडा लागू होतो. एक-दोन डेक नीट खेळायचे असतील तर शून्य रुपयांत भागतं, फक्त तीन-चार महिने जास्त लागतात.

कागदी मॅजिकची पानं विकता येतात, मित्राला देता येतात. डिजिटल पान तसं नाही. एकदा दिलेले पैसे नाटकाच्या तिकिटासारखे: प्रयोग पाहिला, आनंद घेतला, खुर्ची घरी नेता येत नाही. आणि प्रयोग बंदही होतात. ‘एल्डर स्क्रोल्स: लेजंड्स’चे सर्व्हर २०२५ च्या सुरुवातीला बंद झाले, तिथले सगळे संग्रह त्यांच्याबरोबर गेले. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये खुद्द गारफिल्ड यांच्याकडून ‘आर्टिफॅक्ट’ बनवून घेतला, त्यात पानं बाजारात विकताही यायची. २०२१ मध्ये त्याचं काम थांबलं. तेव्हा ‘संग्रहाची किंमत वाढेल’ असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

महिन्याचा आकडा ठरवा, वहीत लिहा, आणि तो पाकिटांवर शक्यतो घालू नका. खेळात रिवॉर्ड ट्रॅक नावाची बक्षिसांची वाट असते, तिचा पैसे देऊन घ्यायचा भाग असतो. त्यात काय मिळणार हे आधी दिसतं. जे आधी दिसतं ते घ्यावं, जे नशिबावर आहे ते सोन्याने घ्यावं, हा माझा नियम आहे. पाकिटाचं व्यसन लागतं ते बक्षीस मोठं असतं म्हणून नव्हे, कधी येईल ते माहीत नसतं म्हणून. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं: दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की कबूतर कळ दाबत राहतं. चीनने २०१७ मध्ये अशा पाकिटांतल्या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, बेल्जियमने २०१८ मध्ये काही खेळांमधल्या अशा पेट्यांना थेट जुगार ठरवलं. शक्यतांचा तक्ता आता बहुतेक खेळांत कुठेतरी दिलेला असतो. पैसे घालण्याआधी तो शोधून वाचा. सापडला नाही तर त्या खेळात पैसे घालू नका.

पायरी ७: वेळ

रोजची कामं, म्हणजे क्वेस्ट, पूर्ण केली की अनुभव आणि पुढे सोनं मिळतं. चुकली की काहीतरी बुडालं असं वाटतं, म्हणून माणूस लग्नाच्या मांडवातही फोन काढतो. हार्थस्टोनमध्ये रोजचे क्वेस्ट तीनपर्यंत साठतात. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी बसलात तरी काही जात नाही. भाच्यासाठी मी जवळजवळ तेच ठरवलं: रविवार आणि बुधवार. दोन डाव लागोपाठ हरलो की त्या दिवशी फोन बंद. चिडून खेळलेला तिसरा डावही बहुधा जातो, आणि दुकानाचं बटण तेव्हाच सगळ्यांत चमकतं.

जमवणं आवडत नसेल तर

काही जणांना वरचं सगळं वाचून कळेल की आपल्याला संग्रहात रस नाही, फक्त डाव हवा आहे. त्यांच्यासाठी हार्थस्टोनमध्येच ‘बॅटलग्राउंड्स’ आहे, नोव्हेंबर २०१९ पासून. आठ खेळाडू, पानं त्या डावापुरती तिथेच विकत घ्यायची, ती खेळातल्याच नाण्यांनी, आणि डाव संपला की परत. संग्रह लागतच नाही. पहिल्या दिवशी आलेला आणि दहा वर्षं खेळणारा, दोघांसमोर तोच बाजार असतो. मावशी आता तेवढंच खेळते.

आणि ज्यांना एकट्याने डेक बांधायला आवडतं त्यांनी ‘स्ले द स्पायर’ किंवा २०२४ मध्ये आलेला ‘बलाट्रो’ घ्यावा. एकदा पैसे द्यायचे, खऱ्या पैशांची पाकिटं नाहीत, रोजचे क्वेस्ट नाहीत, फोन विमान मोडवर टाकूनही चालतात. बलाट्रोत तर आपली नेहमीची ५२ पानंच आहेत, फक्त त्यांच्यावर जोकर असा काही चढतो की तीन एक्क्यांचा हिशोब करायला कागद घ्यावा लागतो. पुणे-नागपूर रात्रीच्या बसमध्ये चार्जर जवळ ठेवा.